डाव्या चाकाचा पंचनामा

जीप माझी, चाक माझं आणि शेवटी पैसेही माझेच जाणार होते. पण भांडण दुसऱ्या दोघांचं. मला त्यात काम एवढंच, की टॉर्च धरायचा आणि मागतील तो पाना द्यायचा.

दोघं म्हणजे मामा आणि त्यांची भाची. मामा एस.टी.च्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले. कोल्हापुरात घरालगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये ओळखीच्यांच्या गाड्या बघतात. पैसे घ्यायचे की नाहीत हे त्या दिवशीच्या चहावर ठरतं. भाची मेकॅनिकल इंजिनिअर, चाकणजवळच्या एका कारखान्यात गाड्यांचे भाग तपासायच्या विभागात. दिवाळीला आजोळी आली होती. पुण्यात राहून ‘आले, गेले’ म्हणायला शिकली आहे, पण वाद रंगला की तिच्या तोंडून ‘मी सांगालोय नव्हं’ बाहेर पडतं, आणि मामांना कळतं, आता पोरगी ऐकायची नाही.

जीप महिंद्राची, फोर व्हील ड्राइव्ह, एका सरकारी खात्याच्या लिलावातून माझ्याकडे आलेली. दसऱ्यापासून तिचं पुढचं डावं चाक वाजत होतं. आधी दोन गल्ल्या पलीकडे पिठाची गिरणी चालू असावी इतपत. मग गिरणी दारात आली. उजवीकडे वळलं की आवाज वाढायचा, डावीकडे वळलं की दबायचा. मामांनी तेवढं ऐकूनच निकाल दिला, की उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकावर येतो, म्हणजे बोंब डावीकडेच आहे. जॅक लावून चाक वर-खाली धरून हलवलं तर टक्‌टक्‌ लागत होतं. मला ब्रेक दाबून धरायला सांगितला आणि पुन्हा हलवलं, टक्‌टक्‌ गेली. ब्रेक दाबल्यावरही प्ले राहिला असता तर किंगपिन संशयित. राहिला नाही, तेव्हा बेअरिंग.

चाक उतरलं, फ्लॅंजचे सहा बोल्ट आणि शाफ्टवरची सर्कलिप निघाली, बाहेरचा नट, वाकवलेला लॉक वॉशर, आतला नट. ड्रम ओढला तेव्हा आतल्या बेअरिंगचा कोन, म्हणजे रोलरांसकटची आतली कडी, स्पिंडलवरच चिकटून राहिला, निळा पडलेला. हबात बसवलेला त्याचा कप, म्हणजे बाहेरची कडी, मामांनी अंगठ्याने ढकलला, तर तो बांगडीसारखा फिरला.

मामा : गेलं हब. कप हबात फिरायला लागला की हब संपलं. स्पिंडलही खाल्लाय.

भाची : लेथवर बोअर मोठा करून स्लीव्ह बसवता येईल की. उद्यमनगर दहा मिनिटांवर आहे.

मामा : येईल. पण चांगलं जुनं हब मिळतंय तोवर कशाला? आणि काही बहाद्दर काय करतात सांगू? हबाच्या आत पंचाने ठिपके मारतात, कप घट्ट बसावा म्हणून. चार दिवस बसतो. मग ठिपके चेपतात आणि कप पुन्हा फिरतो. तसलं काम या शेडमध्ये होत नाही.

भाची : मी कुठे म्हणाले पंच मारा? मी म्हणते, नवं हब घ्या.

मामा : मिळतं का बघ. मिळालं तर मापात आहे का बघ. आणि मग या गुरुजींच्या तोंडाकडे बघ.

माझं तोंड त्यांनी बरोबर वाचलं होतं.

इथे जीपबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर मामांचा जुन्या मालावरचा विश्वास नुसता कंजूषपणा वाटेल. महिंद्रांनी १९४७ साली मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. अमेरिकेत सीजे-३बी हे मॉडेल १९५३ ते १९६८ एवढंच निघालं. आपल्याकडे त्याच वळणाच्या गाड्या पुढे कित्येक वर्षं निघत राहिल्या. पाटबंधारे, वन, पोलीस, पंचायत समिती, कुणाच्या दारात जीप नव्हती? त्या लिलावात निघायच्या, कुणी चालवायचं, कुणी फोडायचं. त्यामुळे जीपचा भाग हा एका गाडीचा भाग नसतो, तो एका गोतावळ्याचा असतो. शिवाय पुढच्या चाकांत आतलं आणि बाहेरचं, डावं आणि उजवं, चारही बेअरिंगं एकाच नंबरची : कोन १८५९०, कप १८५२०. मामा हा आकडा घरच्या फोन नंबरसारखा सांगतात.

भाची : गोतावळा आटत चाललाय मामा. पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून रद्द व्हायला लागली. त्या आता नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात जायच्या. लिलावात जीप घेऊन फोडणारा तुमचा माणूस अजून किती दिवस पुरणार?

मामा : तो पुरेल तोवर मी पुरतो. पुढचं तू बघ.

भाची : आणि तो माल कुठला आणतो हे तुम्हाला ठाऊक आहे? मेरठचं सोतीगंज आठवतंय ना? अख्खा बाजार चोरीच्या गाड्या फोडण्यावर चालायचा, २०२१च्या डिसेंबरात पोलिसांनी तो बंद पाडला. चोरीचा माल आहे हे कळत असून घेतला तर घेणाराही गुन्हेगार.

मामा : म्हणून तर मी पत्त्यावर जातो, रस्त्यावर नाही. ज्याच्या आवारात अख्खी गाडी उभी दिसते, लिलावाचा कागद दाखवतो, चासीस नंबर घासलेला नाही, त्याच्याकडे. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी पथारीवर मांडलेलं हब मी घेणार नाही. तिथे पकड घ्यावी, फार तर कंदील.

भाची : बिल?

मामा : वहीचं पान फाडून देतो. त्यावर सही करतो.

हे उत्तर तिला पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं शहराबाहेरच्या त्या आवारात होतो. एक बिनडोळ्यांची जीप विटांवर उभी, बॉनेटमध्ये कोंबडी बसलेली. भाचीने आधी चासीस नंबर लिलावाच्या कागदाशी ताडून पाहिला, मोबाइलमध्ये फोटो काढला, आणि मगच मामांना पाना लावू दिला. मामा त्यावर काही बोलले नाहीत, पण कागद त्यांनीही चष्मा लावून वाचला. माझी शंका अशी, की इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

जुनं हब कसं निवडायचं याचा तो धडा होता. मामांनी आधी स्टड बघितले. आमच्या जीपला डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे आहेत, फिरता फिरता सैल पडू नयेत म्हणून. तेव्हा हब डाव्याच बाजूचं हवं. उजव्याचं आणलं तर पंक्चर काढणारा पोरगा एक दिवस लांब पाना लावून स्टड मोडणार, आणि शिव्या आपल्याला खाव्या लागणार. मग कपाच्या कडेला खडूने रेघ मारली, ती हबावर पुढे नेली आणि पितळी रॉडने कपावर तिरपे चार टोले दिले. रेघ तुटली नाही. म्हणजे कप जागचा हलत नाही. मग स्पिंडल. जिथे कोन बसतो तिथे निळी झाक आहे का, नखाला पायरी लागते का, टोकाचे आटे चेपलेत का, आतलं ब्रॉंझचं बुश जिवंत आहे का. भाचीने पिशवीतून मायक्रोमीटर काढला. मामा बोलले, “घे बाई माप, तुझं मन भरू दे.” तिने तीन ठिकाणी घेतलं. मन भरलं. नव्याच्या तिसऱ्या हिश्श्यात हब आणि स्पिंडल दोन्ही झाले.

इथवर दोघांत फार अंतर नव्हतं. हब म्हणजे लोखंडाचा गोळा; त्याला काय झालंय ते डोळ्यांना, नखाला, मापाला कळतं. खरी ठिणगी शेडमध्ये परत आल्यावर पडली. मामांनी फळीवरून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला. आत तेलकट कागदात गुंडाळलेली दोन बेअरिंगं, कपासकट. त्याच आवारातल्या दुसऱ्या एका जीपची, मागे केव्हा तरी काढून ठेवलेली.

मामा : ही टाकू. परदेशी माल आहे. रोलर बघ, चेहरा दिसतो.

भाची : बेअरिंग जुनं? मामा, तुम्ही थट्टा करताय.

मामा : थट्टा कसली? कोनाबरोबर त्याचाच कप आहे, जोडी फोडलेली नाही. केज ढिला नाही. निळं नाही. काय पाहिजे आणखी?

भाची : आत काय झालंय ते पाहिजे. बेअरिंग थकतं ते वरून नाही, पृष्ठभागाच्या खाली बारीक चीर सुरू होते आणि वर यायला वेळ लागतो. वर आली की खपली निघते. तोवर चेहरा दिसतोच.

मामा : किती वेळ लागतो?

भाची : तेच कुणाला सांगता येत नाही. लुंडबर्ग आणि पामग्रेन या दोघांनी १९४७ साली याचं गणित मांडलं.

मामा : जीप आली त्याच साली.

भाची : हो, योगायोग. शंभर बेअरिंगं एकाच भारावर फिरवली तर नव्वद ज्या आकड्याच्या पुढे जातात, तो आकडा कंपनी सांगते. उरलेल्या दहांतलं कुठलं तुमच्या डब्यात आहे, हे गणित सांगत नाही. आणि रोलर बेअरिंगवर भार दुप्पट केला तर आयुष्य निम्मं होत नाही, दहावा हिस्सा उरतो. त्या सरकारी जीपमध्ये किती माणसं कोंबली होती, मागे ट्रेलर ओढला होता का, कोण सांगणार?

मामा : झालं? आता माझं ऐक. वर्कशॉपात मी जेवढी बेअरिंगं काढली ना, त्यांतली थकून मेलेली फार थोडी. बाकीची मारली गेली. कुणी पाण्याने, कुणी धुळीने, कुणी नट आवळून, कुणी छिन्नीने कप ठोकून. तुझ्या गणितातलं म्हातारपण बघायला ती जगतच नाहीत. आणि जीपचं वजन ते केवढं! एवढं बेअरिंग तिला जन्मभर पुरावं.

या मुद्द्यावर ती गप्प झाली. चिडून नव्हे, हिशोब करत होती. इंजिनिअर माणसाला गप्प करायचं तर त्याच्याच शास्त्रातलं खरं वाक्य त्याच्याआधी म्हणायचं, हे मी त्या दिवशी शिकलो. कारण मामांचं म्हणणं खोटं नव्हतंच. चाकांची बहुतेक बेअरिंगं वयाने जात नाहीत.

मामांनी संधी साधली.

मामा : आणि नवं, नवं काय करतेस? हे समोर निळं पडलंय ते काय जुनं होतं? गेल्या वर्षी गुरुजींनीच आणलं, झुळझुळीत खोक्यातलं, वर नामांकित कंपनीचं नाव. जुन्या बेअरिंगला मी वाचू शकतो. खोक्याला काय वाचू?

भाची : कुठून आणलं होतं सर?

मी दुकान सांगितलं. ओळखीचं, स्वस्त, बिल न देणारं.

भाची : मग त्याला नवं कशाला म्हणता? नामांकित कंपनीचं नाव छापलेलं खोकं म्हणजे बेअरिंग नव्हे. नकली माल हा या धंद्यातला जुना रोग आहे. जुनीच बेअरिंगं धुऊन, पॉलिश करून नव्या खोक्यात विकतात. म्हणजे तुम्ही जुनंच बसवलं असेल मामा, फक्त जास्त पैसे देऊन. अधिकृत विक्रेता गाठायचा, बिल घ्यायचं. चिंचवडला बेअरिंगं बनतात, जयपूरला १९४६पासूनचा कारखाना आहे. बेअरिंगसाठी खजिन्याचा डबा उघडायची वेळ या देशावर आलेली नाही.

एवढं बोलून तिने डब्यातला एक कप उचलला, टॉर्च माझ्या हातातून घेतला आणि कपाच्या आतल्या बाजूवर तिरपा पाडला. बराच वेळ फिरवत राहिली. मग मामांच्या हातात दिला.

भाची : सरळ उजेडात नाही दिसायचं. तिरपा धरा.

कपाच्या आत करड्या रेघा होत्या. अगदी फिकट, पण एकीपासून दुसरी जेवढी लांब, तेवढीच दुसरीपासून तिसरी. दोन रोलरांत जेवढं अंतर, तेवढ्यावर.

मामा : गाडी उभी होती.

भाची : उभी होती, आणि आत ओल होती. प्रत्येक रोलर जिथे टेकला होता तिथे गंज बसला. नख लावा. लागतंय?

मामांनी नख लावलं. काही बोलले नाहीत. बेअरिंग पुन्हा तेलकट कागदात गुंडाळलं आणि डब्यात ठेवलं. टाकून दिलं नाही, हे नोंदवून ठेवतो. झाकण लावून डबा फळीवर होता तिथे गेला.

मग ते माझ्या जीपच्या ट्रेकडे वळले. आतलं बेअरिंग तर जळून गेलं होतं, त्याच्या अंगावर वाचण्यासारखं काही उरलं नव्हतं. पण बाहेरचं शाबूत होतं. त्यातलं ग्रीस पिवळं-तपकिरी असायला हवं, ते पांढुरकं, दुधाळ झालेलं. मामांनी ते डिझेलमध्ये धुतलं, पुसलं, आणि आता त्यांनीच टॉर्च तिरपा धरला. त्याच रेघा. फिकट नव्हे, खोल, काळ्या.

आणि खुनाचा तपास सुरू झाला.

भाची : पाणी सीलमधून आत गेलं. मामा, गेल्या वर्षी बेअरिंग घालताना ऑईल सील नवं घातलं होतं?

मामा : ...

भाची : मामा.

मामा : चांगलं होतं ते. ओठ शाबूत होता.

भाची : काढलेलं सील परत बसवलंत!

मामा : दुकानात त्या दिवशी नव्हतं. गुरुजींना गाडी संध्याकाळी पाहिजे होती.

भाची : एका सीलचे पैसे वाचवले, त्यात एक हब, एक स्पिंडल, दोन बेअरिंगं गेली. आणि मला सांगताय की बेअरिंगं थकून मरत नाहीत, मारली जातात!

सील हा या सगळ्या कुळातला सर्वांत स्वस्त मेंबर. रबराचा ओठ, मागे बारीक स्प्रिंग. स्पिंडलच्या ज्या पट्ट्यावर तो घासतो तिथे कालांतराने खाच पडते. जुन्या सीलचा कडक झालेला ओठ त्या खाचेत पुन्हा नेमका बसेल ही आशा म्हणजे जुनी चप्पल दुसऱ्याच्या पायात घालून बघण्यासारखी. मामांना हे माझ्यापेक्षा शंभरपट ठाऊक. तरी त्या दिवशी केलं. का केलं, तर मी घाई लावली होती.

पण मामा वर्कशॉपात मुरलेले; आरोपीच्या पिंजऱ्यातून उलटतपासणी घेणं त्यांना जमतं.

मामा : सील माझं. कबूल. पण सीलमधून पाणी आपण होऊन चढत नाही. गुरुजी, जूनमध्ये गाडी कुठून आणली होती?

मी : पन्हाळ्याकडून. शेतावरून.

मामा : ओढ्याच्या फरशीवर पाणी होतं?

मी : होतं थोडं.

मामा : थोडं म्हणजे हबाला लागलं का?

लागलं होतं. फरशी दिसत नव्हती, मी अंदाजाने घातली होती, आणि मध्यावर पुढची चाकं हबापर्यंत बुडाली होती. तापलेलं हब गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढून घेते, हे भाचीने सांगितलं. जीपला पोहणं मना नाही; पण पोहून आल्यावर हब उघडून ग्रीस बदलायचं असतं, हे मामांनी सांगितलं.

मामा : आणि मग?

मी : मग काय, पाऊस लागला. पत्र्याखाली लावून टाकली.

मामा : किती दिवस?

मी : गणपती होईपर्यंत.

दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. दिवसभरात त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. अडीच-तीन महिने, ऐन पावसाळ्यात, बेअरिंगात ओढ्याचं पाणी, आणि चाक एक इंचही फिरवलेलं नाही. त्या काळ्या रेघा म्हणजे माझ्या पावसाळी सुट्टीचं हजेरीपत्रक होतं. गणपतीनंतर गाडी बाहेर काढली आणि त्या गंजलेल्या रेघांवरून रोलर धावायला लागले. नकली खोक्याचं काय झालं, ते शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही.

बेअरिंगं नवी घ्यायची, अस्सल, बिलासह, सीलही नवं, हे मग आपोआप ठरलं. मामांनी विरोध केला नाही आणि होकारही दिला नाही. वाद एकाच ठिकाणी पुन्हा पेटला.

भाची : उजव्या चाकाचीही आणते.

मामा : उजव्याला काय झालंय? वाजत नाही, प्ले नाही.

भाची : तेही त्याच ओढ्यातून आलं, त्याच पत्र्याखाली उभं होतं.

मामा : चालत्याला हात लावू नये. वर्कशॉपात हे पहिलं शिकवलं मला. धडधाकट हब उघडायचं, धूळ आत घालायची, आणि मग बेअरिंग गेलं म्हणून रडायचं.

भाची : निदान उघडून ग्रीस तरी बघा.

मामा : वाजलं की बघू.

आता नुकत्याच झालेल्या तपासाने मी इतका खचलो होतो, की मत द्यायच्या लायकीचा राहिलो नव्हतो. शिवाय उजवं न उघडण्यात माझेच पैसे वाचत होते. मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्यालाही मत म्हणतात, हे मला ठाऊक आहे.

बसवायचं काम बघण्यासारखं झालं. विटांवरच्या जीपमधून आणलेल्या हबातले जुने कप मामांनी पितळी रॉडने काढले. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने टोला, म्हणजे कप तिरका होऊन बोअर ओरबाडत नाही. नवे कप भाचीने रात्रीच घरातल्या फ्रिजमध्ये, बर्फाच्या कप्प्यात, फराळाच्या उरलेल्या करंज्यांशेजारी ठेवले होते. मामा हसले. तिने कागदावर हिशोब मांडला : ७३ मिलिमीटरचा पोलादी कप, ४५ अंशांचा फरक, आकसणार सुमारे ०.०४ मिलिमीटर. “केसाच्या जाडीएवढंसुद्धा नाही,” मामा बोलले. कप जागेवर ठेवला, लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीने तीनदा हलकेच मारलं आणि तो तळाला जाऊन बसला. मामांनी हातोडीकडे पाहिलं, मग कपाकडे, मग करंज्या संपल्या का म्हणून विचारलं. तळाला खरंच टेकलाय का, हे भाचीने फीलर गेजची बारीक पात घालून तपासलं. पात गेली नाही.

ग्रीस भरायचं मात्र मामांचंच काम. डाव्या तळहातावर ग्रीसचा गोळा, उजव्या हातात कोन, आणि कोनाची रुंद कड तळहातावर दाबत दाबत खेचायची, रोलरांमधून वरच्या बाजूने ग्रीस शेवयांसारखं बाहेर येईपर्यंत. मग थोडं फिरवून पुन्हा. भाचीकडे यासाठी प्लॅस्टिकचं यंत्र होतं. ते तिने पिशवीतून काढलं, मामांचा हात पाहिला आणि परत ठेवलं. हब मात्र गच्च भरू दिलं नाही. जास्तीचं ग्रीस तापून पातळ होतं आणि वाट काढत ब्रेकच्या लायनरवर जातं, यावर दोघांचं आधीपासूनच जमत होतं.

शेवटचा वाद नटाचा. कोनाच्या या बेअरिंगांची गंमतच ती आहे. हेन्री टिमकेन या अमेरिकेतल्या बग्ग्या बनवणाऱ्या कारागिराने १८९८ साली निमुळत्या रोलरांच्या बेअरिंगचं पेटंट घेतलं, ते घोडागाडीचं चाक वळणावर आडवा जोर खातं म्हणून. समोरासमोर बसवलेले दोन कोन, आणि त्यांच्यातली जागा किती ठेवायची ते एका नटावर. आजच्या बहुतेक गाड्यांत ही चैन नाही. बेअरिंग बंद डबीसारखं येतं, आवळायचं आणि विसरायचं, वाजलं की अख्खं बदलायचं. इथे माणसाने ठरवायचं. जास्त आवळलं तर तापून मरतं, सैल ठेवलं तर आपटून मरतं.

मामांनी चाक फिरवत फिरवत नट आवळला, चाक जड लागेपर्यंत. मग नटाच्या सहा बाजूंपैकी एक बाजू, म्हणजे एक षष्ठांश फेरा, मागे घेतला. भाचीने डायल गेज लावला, हब आत-बाहेर ओढून पाहिलं.

भाची : अठरा शतांश मिलिमीटर. जास्त आहे. तेराच्या आत हवं. आवळा थोडं.

मामा : राहू दे.

भाची : आकडा समोर दिसतोय मामा!

मामा : दिसतोय. वॉशर घालू दे आधी.

लॉक वॉशर घातला, बाहेरचा नट चढवला आणि मामांनी तो चांगला आवळला. “आता बघ.” काटा आठ शतांशावर थांबला. बाहेरचा नट आवळला की तो आतल्या नटाला आट्यांमधल्या ढिलाईइतका पुढे रेटतो. आतला नट आधीच नेमका लावला असता तर आता चाक जाम झालं असतं. भाचीने ते लगेच ओळखलं, आणि डायरीत लिहूनही घेतलं. मामांनी लॉक वॉशरची कड नटावर वाकवली. गेल्या वर्षीही असंच लावलं होतं का, हा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर होता, पण तिने विचारला नाही.

संध्याकाळी तिघं जीपमध्ये बसून रंकाळ्याला वळसा घालून पन्हाळ्याच्या पायथ्यापर्यंत गेलो आणि परत आलो. गिरणी बंद झाली होती. शेडसमोर उतरल्यावर मामांनी डाव्या हबावर तळवा ठेवला. कोमट, पोरगं झोपलेलं असावं इतपत. खूश दिसले. भाची दुसऱ्या बाजूने फिरून उजव्या चाकाशी गेली, वाकली, हात लावला आणि झटकन मागे घेतला.

भाची : मामा, इकडे या.

मामा : ब्रेक घासत असेल.

भाची : असेल. जॅक देऊ?

मामांनी तिच्याकडे न बघता शर्टाच्या बाह्या पुन्हा वर केल्या. “गुरुजी,” ते बोलले, “टॉर्च.”